चार वटवट्या की चार वटवटे?

रानवाट: रविवारी येऊरच्या जंगलात पाखरं बघायला गेलो होतो. नोंदवहीत लिहिलं, 'ऐनाच्या शेंड्यात चार पर्णवटवट्या दिसल्या.' गटातल्या काकांनी ते खोडून 'पर्णवटवटे दिसले' केलं. 'वटवटे' मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. बरोबर काय?

शब्दवेडी: काकांचं. वाटाड्या–वाटाडे, तसंच वटवट्या–वटवटे. 'दिसल्या' लिहून तुम्ही पाखराचं लिंगच बदललंत.

कातळ: आम्ही 'तारेवर दोन खंड्या बसलेत' म्हणतो. 'खंडे बसलेत' कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. पाखरांची ही नावं बंड्या, पांड्यासारखी हाक मारायची आहेत, ती अनेकवचनात तशीच राहतात. 'चार वटवट्या दिसले' लिहा.

शब्दवेडी: उद्या 'दोन वाटाड्या आले' लिहाल! बोलतात म्हणून सगळंच छापायचं का?

पागोळी: माझं भांडण नावाशीच आहे. वटवट्या शोभतं ते राखी वटवट्याला. गवताच्या काडीवर शेपटी उभारून बसतो आणि थांबतच नाही. 'पर्ण' लावून केलेलं नाव पुस्तकी वाटतं. दोघांची कुळंही आता वेगळी धरतात. शिवाय आमचे आजोबा सांगायचे, यातला 'वट' म्हणजे वड.

कातळ: वडाचा काय संबंध? हे पाखरू पानाखालचे किडे, अळ्या टिपतं. वटवट हा सरळ आवाजावरून आलेला शब्द आहे. आणि पर्णवटवट्या काही मुका नाही. हिरवट पर्णवटवट्या थंडीभर आपल्याकडे असतो, जेमतेम आठ ग्रॅमचा जीव, पण आपल्या वाट्याचं झाड राखायला दिवसभर 'चि-स्वी, चि-स्वी' चालू. मी त्याला आधी कानांनीच शोधतो.

पागोळी: 'चि-स्वी'ला वटवट म्हणायचं? गाणं तो विणीच्या मुलखात गातो, हिमालयात आणि पार मध्य आशियात. आपल्या वाट्याला येते ती नुसती साद.

गावकूस: आमच्या आजीला ही सगळी 'बारकी पाखरं'. तिचं कधी अडलं नाही.

शब्दवेडी: तिचं नाही अडलं, पण नोंद ठेवणाऱ्याचं अडतं.

कातळ: रानवाट, पंखावर फिकट पट्टी एक होती की दोन? डोक्यावर मधोमध रेघ? दोन पट्ट्या आणि रेघ असेल तर तो हिरवट नव्हे.

रानवाट: सगळे उंच शेंड्यात होते, मान अवघडली. एकाची पट्टी दिसली, डोकं नाही दिसलं.

शब्दवेडी: 'सगळे होते'! बघा, आता तुम्हीच पुल्लिंगी बोललात.