'शॅल कमेन्स' की 'विल कमेन्स'?

मसुदेबाज: इंग्रजी नोटिशीत 'द मीटिंग शॅल कमेन्स ॲट टेन' असं सर्रास लिहितात. माझ्या मते इथे 'शॅल' साफ चूक. बैठक दहाला सुरू होणार, एवढंच सांगायचंय ना? मग 'विल कमेन्स' लिहा. 'विल बिगिन' लिहिलंत तरी कोणाचं काय बिघडतं?

जुने_हेडक्लार्क: बिघडतं ना, वजन जातं! औपचारिक पत्रात 'बिगिन' म्हणजे गप्पा मारल्यासारखं. आणि 'शॅल'चा नियम आम्ही घोकलाय: 'आय', 'वी' असेल तर साधा भविष्यकाळ, इतरांसाठी सक्ती.

मसुदेबाज: अहो, तुमच्याच नियमाने बैठक तृतीयपुरुषी. म्हणजे 'मीटिंग शॅल' लिहून तुम्ही बैठकीलाच दम देताय! बाकी तो नियम जॉन वॉलिसने १६५३च्या व्याकरणात मांडला. लोक बोलताना तो कधीच धड पाळत नव्हते.

करारवाली: नोटिशीचं ठीक आहे, पण करारातल्या 'शॅल'ला हात लावू नका. 'द कॉन्ट्रॅक्टर शॅल कमेन्स द वर्क विदिन थर्टी डेज' ही जबाबदारी झाली. तिथे 'विल' घातलं की समोरचा वकील म्हणणार, हा नुसता अंदाज होता. आयएसओच्या मानकांतही 'शॅल' म्हणजे बंधनकारक, 'शुड' म्हणजे शिफारस.

मसुदेबाज: बंधनच घालायचं तर सरळ 'मस्ट' लिहा. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६च्या संविधानात तेच आहे. अमेरिकेतल्या संघीय दिवाणी प्रक्रियेच्या नियमांची भाषा २००७ मध्ये सुधारली, तेव्हा 'शॅल' हद्दपार झालं.

करारवाली: पुढचं सोयीस्करपणे गाळलंत! खटला न चालवता निकाल देण्याबद्दलच्या नियम ५६ मध्ये त्यांनी 'शॅल'च्या जागी 'शुड' घातलं होतं. अर्थच ढिला पडायला लागला, म्हणून २०१० मध्ये 'शॅल' परत आणलं. आणि बरोबरीच्या दोन पक्षांच्या करारात 'मस्ट' म्हणजे एकाने दुसऱ्यावर डोळे वटारणं. सही करणारा आधी त्यावरच अडून बसतो.

पाट्या_वाचणारा: वेळापत्रक ठरलेलं असेल तर 'विल' नको आणि 'शॅल'ही नको. 'द टर्म कमेन्सेस ऑन मंडे', संपला विषय. फक्त 'विल बी कमेन्सिंग' नका हो लिहू, आणि 'कमेन्स टु वर्क' तर अजिबात नको. 'कमेन्स'पुढे नाम किंवा 'वर्किंग'सारखं रूपच बरं दिसतं.

जुने_हेडक्लार्क: 'कमेन्सेस' चालेल. 'बिगिन'वर मात्र माझी सही मिळणार नाही.