ऑफिसातल्या मशीनवर मँटिसबीटी: मेल जात नाही, फोटो चढत नाही

जांभा:
रत्नागिरीत आंबा बागायतदारांना पेट्यांचा आणि दलालाच्या पट्टीचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर देतो. तक्रारी व्हॉट्सॲपवर येतात आणि एप्रिल-मेच्या गडबडीत कुठली सुटली, कुठली राहिली ते कळत नाही. म्हणून ऑफिसातल्या उबुंटू मशीनवर अपाचे (वेब सर्व्हर), पीएचपी आणि मारियाडीबी (डेटाबेस) टाकून मँटिसबीटी, म्हणजे तक्रारी नोंदवून त्यांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर, बसवलं. पान उघडतं, लॉगिन होतं. पण मेल जात नाहीत, मोबाइलचा फोटो जोडता येत नाही आणि एका बागायतदाराची तक्रार दुसऱ्याला दिसते. काय राहिलंय?

खाडीकाठ:
आधी सुरक्षितता. ॲडमिनिस्ट्रेटर आणि रूट हे मूळ लॉगिन-पासवर्ड जगजाहीर आहेत, तो पासवर्ड आजच बदला. इन्स्टॉल झाल्यावर ॲडमिन नावाचं फोल्डर सर्व्हरवरून काढून टाका. साइनअपही बंद ठेवा, खाती तुम्हीच उघडून द्या.

मेलसाठी मँटिसच्या कॉन्फिग फाइलमध्ये पद्धत एसएमटीपी (मेल सर्व्हरमार्फत पाठवणं), पोर्ट ५८७, कनेक्शन टीएलएस (सांकेतिक जोडणी). पोर्ट २५ च्या नादी लागू नका, घरगुती ब्रॉडबँडवर तो बहुधा बंदच असतो. जीमेल वापरत असाल तर नेहमीचा पासवर्ड चालणार नाही. टू-स्टेप चालू करून ॲप पासवर्ड (फक्त या सॉफ्टवेअरसाठीचा वेगळा पासवर्ड) घ्यावा लागतो.

मेल क्रॉनवरून (ठरलेल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) पाठवणार असाल तर एक गोष्ट हमखास चुकते. मेल येतो, पण त्यातल्या लिंकवर लोकलहोस्ट, म्हणजे 'हेच मशीन' असा पत्ता, दिसतो. ब्राउझरमधून चालताना मँटिसला स्वतःचा पत्ता कळतो, क्रॉनमधून कळत नाही. पाथ या सेटिंगमध्ये पूर्ण पत्ता लिहा, शेवटच्या तिरक्या रेघेसकट.

फोटोला तीन मर्यादा आडव्या येतात: पीएचपीची अपलोड मर्यादा मुळात २ एमबी, पोस्टची (एका वेळी पाठवलेल्या सगळ्या फॉर्मची) ८ एमबी, मँटिसची साधारण ५ एमबी. सगळ्यात लहान असेल ती लागू होते, आणि मोबाइलचा फोटो सहज ३-४ एमबीचा निघतो. अपलोड १० आणि पोस्ट १२ करा, मँटिसचा आकडाही वाढवा. तो बाइट्समध्ये लिहायचा असतो. उबुंटूवर अपाचेची आणि कमांड लाइनची पीएचपी आयएनआय फाइल (पीएचपीच्या सेटिंगची फाइल) वेगवेगळी असते. कमांड लाइनवाली बदलून 'काही फरक पडत नाही' म्हणणारे खूप. बदल अपाचेवालीत करा, मग अपाचे रीस्टार्ट.

माडबन:
तक्रार दिसण्याचं: नव्या नोंदी मुळात पब्लिक असतात. बग व्ह्यू स्टेटसचं (नोंद कोणाला दिसेल ते ठरवणाऱ्या सेटिंगचं) डीफॉल्ट प्रायव्हेट करा. प्रायव्हेट नोंद ती करणाऱ्याला आणि डेव्हलपर व त्यावरच्यांनाच दिसते, म्हणून बागायतदाराला रिपोर्टर एवढाच दर्जा द्या. रिपोर्टरला नोंद करताना पब्लिक निवडता येतं. तो अधिकारही डेव्हलपरपर्यंत वर न्या. जुन्या नोंदी आपोआप बदलत नाहीत, यादीत टिक करून एकदम बदला. फोनवर आलेली तक्रार तुम्ही लिहिलीत तर बागायतदाराला ती दिसणार नाही. एडिटमध्ये रिपोर्टर म्हणून त्याचं नाव लावा.

जांभा:
हे कळलं. गावातून बागायतदारांना उघडत मात्र नाही, ऑफिसात उघडतं.

माडबन:
राउटरचा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा. १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय; पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेली जोडणी राउटरवरून मशीनकडे वळवणं) करून उपयोग नाही. कंपनीकडे स्टॅटिक आयपी (कायमचा स्वतःचा पत्ता) मागा, नाहीतर छोटा व्हीपीएस (भाड्याचा ऑनलाइन सर्व्हर) घेऊन वायरगार्ड या व्हीपीएनने ऑफिसच्या मशीनला जोडा. पाथमध्येही मग बाहेरचाच पत्ता, एचटीटीपीएससकट.

खाडीकाठ:
पावसाआधी बॅकअप लावाच. मायएसक्यूएलडंप (डेटाबेसची प्रत फाइलमध्ये काढणारी कमांड) सिंगल-ट्रान्झॅक्शन पर्यायासह रोज रात्री, सोबत कॉन्फिग फोल्डर. जोडलेल्या फाइल मुळात डेटाबेसमध्येच साठतात, त्यामुळे डंप फुगतो. डिस्कवर ठेवायच्या असतील तर फोल्डर वेबच्या बाहेर, मालक अपाचेचा यूझर, आणि त्याचाही बॅकअप. प्रत गावाबाहेर जायला हवी. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं. अशा वेळी मशीनशेजारची हार्ड डिस्क मशीनबरोबरच जाते. यूपीएसला यूएसबी केबल लावून एनयूटी (यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवा, बॅटरी उतरली की मशीन रीतसर बंद होईल. आणि एकदा तो डंप दुसऱ्या मशीनवर चढवून मँटिस उघडतंय का ते बघा.