मदत हवी आहे: शेजारी देशांच्या मुक्त व्यापाराचा खरा फायदा मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी. विकसनशील शेजारी देशांमधल्या मुक्त व्यापार करारांवर प्रकल्प करतोय आणि एका जागी अडकलोय. आपसातला व्यापार वाढला की सगळे खूश. पण बाहेरचा स्वस्त माल सोडून, केवळ जकात माफ म्हणून शेजाऱ्याचा महाग माल घेतला जात असेल तर? वर जकातीचं उत्पन्नही बुडतं. शिवाय कारखाने पुढारलेल्या देशातच गोळा होतात. केनिया, युगांडा, टांझानिया यांचा पूर्व आफ्रिकी समुदाय हा व्यापारी गट १९७७ मध्ये मोडला, त्यामागे केनियालाच जास्त फायदा होतो ही तक्रार होतीच (युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन हे वेगळंच प्रकरण). तर नवा व्यापार किती आणि नुसता वळलेला किती, हे आकडेवारीतून वेगळं कसं काढतात? ग्रॅव्हिटी मॉडेल (दोन देशांच्या अर्थव्यवस्थांचा आकार आणि त्यांच्यातलं अंतर यांवरून व्यापाराचा अंदाज बांधणारं सूत्र) वाचलंय, पण करार झालाच नसता तर काय, हा अंदाज त्यात कसा बांधायचा?