विरोधकांना शासन व्हावे, अशी प्रार्थना आपण करावी काय?

प्रश्न

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो, आमच्या घरी दर शुक्रवारी भरणाऱ्या प्रार्थनासभेविरुद्ध शेजारच्या एका गृहस्थांनी सक्तीच्या धर्मांतराची खोटी तक्रार केली आणि तेव्हापासून सभा बंद आहे. मंडळीतील एका वडीलधाऱ्यांनी आमच्यासाठी प्रार्थना करताना १०९वे स्तोत्र वाचले आणि त्यात त्या गृहस्थांचे नाव घातले. त्यांचे दिवस थोडे होवोत, येथपर्यंत मी ‘आमेन’ म्हटले. पुढच्याच वचनात त्यांची मुले पोरकी होवोत असे आले, तेव्हा शब्द घशातच अडकला, कारण त्यांची धाकटी मुलगी रोज संध्याकाळी माझ्याकडे गणित शिकायला येते आणि तक्रारीनंतरही तिने येणे थांबवलेले नाही. मला राग आला आहे, न्यायही हवा आहे. परंतु पवित्र शास्त्रातीलच प्रार्थना माझ्या तोंडून का निघू नये, हे मला उमगत नाही.

प्रतिसाद १

ताई, शोमरोनी गावाने प्रभूला थारा दिला नाही, तेव्हा याकोब व योहान यांनी आकाशातून अग्नी पाडण्याची परवानगी मागितली आणि प्रभूने त्यांनाच धमकावले (लूक ९). दगड अंगावर पडत असताना पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याने मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली. माझ्या मते असे शाप आपण उच्चारू नयेत.

प्रतिसाद २

वरील मताशी मी अर्धाच सहमत आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला केवळ ‘आशीर्वाद दे’ असे सांगून गप्प करणे हाही अन्यायच आहे. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात वधलेल्यांचे आत्मे ‘प्रभू, कोठवर?’ असा आक्रोश करतात आणि त्यांना कोणी दटावत नाही. पौलही रोमकरांस लिहिताना सूड नाहीच असे म्हणत नाही, तो देवाच्या हाती सोपवा असे म्हणतो, आणि लगेच भुकेल्या शत्रूला जेवू घालायला सांगतो. म्हणून खोटे उघडे पडावे, त्या गृहस्थांचा हात थांबावा, अधिकाऱ्यांनी सत्य पाहावे, हे नाव घेऊन मागा. त्यांच्या आयुष्याचे काय करायचे, ते मागू नका. १९९९ साली ओडिशातील मनोहरपूर येथे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स व त्यांची दोन लहान मुले जाळली गेली, तेव्हा त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना जाहीर क्षमा केली. खटला मात्र चालला आणि शिक्षाही झाली. क्षमा केली म्हणजे न्यायालयाची पायरी चढायची नाही, असे नव्हे.

प्रतिसाद ३

आम्हा कॅथलिकांच्या नित्यप्रार्थनेतून दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५ मधील कॅथलिक धर्मसभा) ५८, ८३ आणि १०९ ही शत्रूंना शाप देणारी स्तोत्रे पूर्णपणे वगळली गेली. मला ते फारसे पटत नाही, कारण स्तोत्र वगळल्याने मनातला संताप जात नाही. जर्मनीत नाझींचा छळ वाढत असताना, जुलै १९३७ मध्ये, नाझींना विरोध करणारे जर्मन पाळक डीट्रिख बोनहॉफर यांनी ५८व्या स्तोत्रावरच प्रवचन केले. हे स्तोत्र पापी माणूस स्वतःच्या अधिकाराने म्हणू शकत नाही, निर्दोष ख्रिस्तच म्हणू शकतो, आणि त्यातला न्याय क्रूसावर त्याच्यावरच कोसळला, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे वाचल्यापासून ती वचने म्हणताना मी स्वतःला आरोपींच्या रांगेत उभा करतो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. १०९व्या स्तोत्राच्या चौथ्या वचनात, प्रेमाच्या मोबदल्यात वैर मिळाले तरी आपण प्रार्थनेलाच लागलो आहोत, असे स्तोत्रकर्ता म्हणतो. वडीलधाऱ्यांना मी तेथेच थांबण्याची विनंती केली आहे. मुलगी अपूर्णांकांची वही घेऊन आली आहे. तिची उदाहरणे तपासून झाली की वकिलांना फोन करीन.