अध्यक्ष की सभापती, आणि 'चीफ'ला काय म्हणायचं? (घानाच्या कारभाराचे शब्द)

भाचीच्या कॉलेजसाठी घानाच्या सरकारवर मराठीत चार पानं लिहून देतोय आणि पहिल्याच पानावर गाडी अडकली. तिथला राष्ट्रप्रमुख लोक थेट निवडतात, चार वर्षांची टर्म, फार तर दोनदा. त्याला मी सरळ 'अध्यक्ष' लिहिलं, पेपरात 'अमेरिकेचे अध्यक्ष' लिहितात तसं, आणि पुढे वाक्य झालं, 'अध्यक्ष नसतील तर उपाध्यक्ष आणि तेही नसतील तर अध्यक्ष कारभार बघतात.' भाची हसून लोळली. दुसरा अध्यक्ष म्हणजे संसदेचा स्पीकर हो!

----

राष्ट्राध्यक्ष लिही, राष्ट्रपती नको. राष्ट्रपती म्हटलं की आपल्याला मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने सह्या करणारे आठवतात, घानात तर सरकार तोच चालवतो, आताच्या १९९२ च्या घटनेत पंतप्रधान हे पदच नाही. एन्क्रुमा १९५७ ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा पंतप्रधान होते, १ जुलै १९६० ला प्रजासत्ताक झालं आणि तेच राष्ट्राध्यक्ष झाले, म्हणजे जुन्या काळाबद्दल लिहिताना पंतप्रधान बरोबर आहे हां.

----

स्पीकरला सभापती म्हण की, प्रश्न मिटला. आपल्याकडे सभापती विधानपरिषदेचा असतो आणि पंचायत समितीचाही असतो हे मान्य, पण घानात एकच सभागृह आहे त्यामुळे घोळ व्हायचा नाही. आणि तिथे सभापती स्वतः खासदार नसतो, खासदाराला निवडलं तर त्याला सीट सोडावी लागते.

----

आणि राष्ट्राध्यक्ष पद्धत आहे म्हणून मंत्र्यांना 'परराष्ट्र सचिव' वगैरे करू नकोस रे, अमेरिकेच्या बातम्या वाचून लोक तसं करतात. तिथे निम्म्याहून जास्त मंत्री खासदारांमधूनच घ्यावे लागतात असं घटनेतच आहे, तेव्हा मंत्रीच. २०१९ पासून १६ प्रदेश आहेत, प्रत्येकाला राष्ट्राध्यक्षाने नेमलेला एक मंत्री, त्याला मी तर बिनधास्त पालकमंत्री म्हणेन.

----

'चीफ'ला, म्हणजे तिथल्या परंपरागत स्थानिक प्रमुखाला, मात्र राजा पण नको आणि मुखिया तर अजिबात नको, हिंदी सिरियलमधला वाटतो. दक्षिणेकडच्या अकान लोकांत चीफची सत्ता म्हणजे त्याचं लाकडी आसन, चीफ झाला म्हणजे आसनावर बसवला, काढला म्हणजे आसनावरून उतरवला. उत्तरेकडे आसनाऐवजी जनावराचं कातडं असतं. आता सांगा, आपण सातारची गादी, कोल्हापूरची गादी म्हणतो तेव्हा कापसाच्या गादीबद्दल बोलतो का? तसंच आहे हे. म्हणून गादी, आणि चीफला गादीपती. जमीनसुद्धा गादीचीच म्हणतात, माणसाची नाही, गादीने ती रयतेसाठी सांभाळायची. तिच्या उत्पन्नातले १० टक्के आधी व्यवस्थापनाला जातात, उरलेल्याचे २५ टक्के गादीला, २० टक्के पारंपरिक परिषदेला आणि तब्बल ५५ टक्के जिल्हा सभेला (आपल्या जिल्हा परिषदेसारखी). चीफने पक्षाच्या राजकारणात उतरायचं नाही, उतरायचं तर गादी सोडायची. आपल्याकडच्या गाद्यांचं काय चाललंय ते मी इथे बोलत नाही :)

----

गादीपती जरा नाटकी वाटतो. 'गादीचे प्रमुख' चालेल?

----

चालेल. पण गादी सोडू नका.

----

घेतलं सगळं, आभार. शेवटचं एकच, जिल्ह्याचा 'चीफ एक्झिक्युटिव्ह'. राष्ट्राध्यक्ष नेमतो, मग जिल्हा सभेच्या हजर आणि मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लोकांनी होकार द्यावा लागतो. जिल्हाधिकारी लिहिलं तर आयएएस वाटतो.

----

सभेतले ३० टक्क्यांपर्यंत सदस्यपण राष्ट्राध्यक्षानेच नेमलेले असतात हे लिहायला विसरू नकोस. निवडणूक पक्षाशिवाय आणि माणूस वरून, असा प्रकार आहे. 'जिल्हाप्रमुख' लिही.

----

जिल्हाप्रमुख म्हटल्यावर आपल्याकडे पक्षाचा माणूसच डोळ्यासमोर येतो ना पण?

----

म्हणूनच म्हणतोय.