मदत हवी आहे: सपोर्टमधली वर्षं रेझ्युमेत कशी मांडू?

नमस्कार मंडळी. हिंजवडीतल्या एका सर्व्हिस कंपनीत (दुसऱ्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या) मला 7 वर्षं झाली. पहिली 5 वर्षं बँकेच्या प्रोजेक्टवर एल-2, म्हणजे दुसऱ्या पातळीचा सपोर्ट: तिकीट (तक्रारीची नोंद) आलं, लॉग (सिस्टीमच्या नोंदी) बघितला, अडकलेला जॉब (आपोआप चालणारं काम) परत चालवला, तिकीट बंद. कोड जावा 8 वर, म्हणजे 2014 सालची आवृत्ती, आणि त्याला हात लावायची मुभाच नव्हती. मग पेमेंटच्या टीममध्ये आले. रिक्वेस्ट पुन्हा आली तरी ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जाऊ नयेत, म्हणून प्रत्येक रिक्वेस्टला वेगळी ‘की’ (ओळख-क्रमांक; तीच रिक्वेस्ट परत आली तर ‘की’ही तीच) आणि डेटाबेसमध्ये तिच्यावर युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तीच ‘की’ दुसऱ्यांदा नोंदवता येत नाही, हे डिझाइन माझं. खरं शिकले ते या 2 वर्षांतच.

अडचण अशी, की 7 वर्षं लिहिली की थेट सीनियरची सिस्टीम डिझाइनची (अख्खी प्रणाली कशी उभारायची यावरची) मुलाखत लागते. 2 वर्षांवर भर दिला तर एचआर पगारही त्याच हिशेबाने धरतात. खोटं काही लिहायचं नाहीये.

प्रॉडक्ट कंपन्यांत (स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या) मुलाखती घेणाऱ्यांनी कृपया सांगा: सपोर्टची वर्षं एका ओळीत उरकू का? एक पायरी खालचं पद घेतलं तर पुढे ते आड येतं का? नोटीस पीरियड 90 दिवसांचा आहे, त्यामुळे लवकर ठरवायला हवं.