बक्षीस मिळवणारी पोर टेबलाच्या टोकाला का?

टेम्सकाठचा
लंडनच्या सिटी भागात जुन्या व्यवसाय-संघांच्या, म्हणजे लिव्हरी कंपन्यांच्या जेवणावळी होतात. अशा शंभराहून जास्त कंपन्या आहेत. स्वतःचा हॉल असलेल्या चाळीसेक, बाकीच्या दुसऱ्यांचा भाड्याने घेतात. अशाच एका हॉलमध्ये जेवणाची व्यवस्था बघणं हे माझं काम. गेल्या महिन्यात शिकाऊ कारागिरांना बक्षिसं द्यायचं दुपारचं जेवण होतं. पानं १२०, बक्षीसवाली मुलं ८.

त्यातली एक वॉल्सॉलची, हाताने चामडं शिवायला शिकणारी. नखांत काळं मेण बसलेलं, म्हणून हात सारखे टेबलाखाली. जागा किचनच्या दाराजवळ, अगदी टोकाला. वडील बाहेर कॉफी पीत बसलेले, कारण सोबतच्या माणसाचं तिकीट वेगळं. साडेबाराला ग्रेस म्हणजे जेवणाआधीची प्रार्थना, मग तीन कोर्स, लव्हिंग कप म्हणजे सगळ्यांनी फिरवून प्यायचा पेला, राजाच्या नावे टोस्ट, पाहुण्यांच्या नावे टोस्ट, मास्टरांचं म्हणजे कंपनीच्या प्रमुखांचं भाषण. तिचं नाव पुकारलं तेव्हा ३ वाजून १० मिनिटं झालेली. पाकीट घेतलं आणि ट्रेनसाठी युस्टनकडे पळाली. नमनाला घडाभर तेल म्हणतात ते हेच.

माझं म्हणणं: जेवण ठेवा, थाटही ठेवा. पण बक्षिसं आधी द्या, मुलांना मास्टरांच्या टेबलावर बसवा आणि सोबत एका घरच्या माणसाला फुकट जेवू घाला.

खवचट_काका
जेवण तरी कशाला ठेवायचं? त्या मुलीला चांगली आरी, चाकू, वर्षभराचं चामडं घेऊन द्या. १२० माणसांच्या वाईनचा हिशेब काढला तर आठही मुलांची हत्यारं येतील. आपल्याकडे सत्कारमूर्तीला शाल-श्रीफळ आणि आमदाराला तासभर माईक, तुमच्याकडे तेच चांदीच्या भांड्यांत.

हॅरोवाला
काका, मी एका कंपनीचा सभासद आहे, म्हणून बोलतो. ती वाईन पिणारे आपापलं तिकीट काढून येतात. बक्षिसांचा निधी वेगळा असतो, आणि त्या निधीत पैसे घालणारे हेच जेवायला येणारे लोक. जेवण बंद केलंत तर माणसं यायची बंद होतील, मग निधीत कोण टाकणार? १८७८ साली सिटी अँड गिल्ड्स ही कारागीर-शिक्षणाची संस्था उभी राहिली ती सिटी आणि १६ लिव्हरी कंपन्यांनी मिळूनच.

आणि जेवणाने भांडणंही मिटली आहेत. स्किनर्स आणि मर्चंट टेलर्स या दोन कंपन्या मिरवणुकीत पुढे कोण यावरून हातघाईवर आले होते. १४८४ मध्ये लॉर्ड मेयरने निवाडा दिला: एक वर्ष हे सहावे, ते सातवे, पुढच्या वर्षी उलट. शिवाय दोघांनी दरवर्षी एकमेकांना जेवायला बोलवायचं. ते अजून पाळतात.

लव्हिंग कपची तर मुलांना सगळ्यात मजा वाटते. दोन कानांचा, झाकणाचा पेला. समोरचा झाकण उचलतो, तुम्ही पिता, आणि मागचा तुमच्याकडे पाठ करून राखण करतो. ९७८ साली राजा एडवर्डला पेय हातात असताना मारलं, तेव्हापासूनची रीत, असं सांगतात. प्यायल्यावर कडा रुमालाने पुसून पुढे द्यायचा. हे कुठल्या पाकिटात घालून देणार?

त्रिरश्मी
नाशिकहून. व्यवसाय-संघ आपल्यालाही नवे नाहीत. पांडवलेण्यांत १० नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले. २००० दरमहा शेकडा १ व्याजाने, १००० शेकडा पाऊणने. पहिल्या ठेवीतून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकी १२. ताळा करून बघा, २००० वर वर्षाचं व्याज २४०, वीस बारे २४०. दगडात व्याजाचा दर कोरलाय, जेवणाचा मेनू नाही. मी काकांच्या बाजूने.

हॅरोवाला
ती ठेव झाली, समारंभ नव्हे. विणकर एकत्र जेवतच नव्हते असं त्यातून कसं निघतं?

त्रिरश्मी
निघत नाही. कोरून ठेवावं असं काय वाटलं, तेवढंच कळतं.

सुगरण_कोथरूड
पुरुषमंडळी पैशांवर अडकलीत. मूळ गोष्ट पंक्तिप्रपंचाची आहे. जिच्यासाठी पंगत, तिलाच टोकाला पान? आमच्याकडे मुंजीत बटूला दाराशी बसवून पाहुण्यांना आधी वाढलं असतं, तर आत्याबाईंनी मांडव डोक्यावर घेतला असता. आणि बाप बाहेर ताटकळतोय! टेम्सकाठचा, तुम्ही तिथे उभे होतात ना? एक खुर्ची नाही सरकवलीत?

टेम्सकाठचा
नाही सरकवली. बसायचा तक्ता कंपनीचे क्लार्क, म्हणजे कारभार बघणारे, ठरवतात, आम्ही वाढपी. पण बरोबर आहे तुमचं, विचारायला हवं होतं. कॉफी तरी आत पाठवता... म्हणजे त्यांनाच आत बोलवता आलं असतं.

खवचट_काका
आणि बक्षिसं आधी घेतलीत तर टाळ्या होईपर्यंत सूप थंड.

टेम्सकाठचा
सूपची काळजी नाही, कोकराची आहे. १२० प्लेटी एकदम भरून गरम कपाटात ठेवतो. दहा मिनिटं जास्त झाली की मांस वाळतं आणि शेफ माझ्यावर डाफरतो. आज त्यालाच विचारलं. तो म्हणाला, आठ मुलांची नावं आधी घेतलीत तर चालेल, वीस मिनिटं धरतो. पण मास्टरांचं भाषण आधी घेतलंत तर त्या दिवशी मी सुट्टीवर. क्लार्कना तसं कळवलंय, भाषणाचा भाग जरा गोड करून. सोबतच्या खुर्चीचंही लिहिलंय.